मुठीतली लोखंडी किल्ली

सोहाग शहराजवळच्या आमच्या गावात दुपारी जेवणं आणि उकळून काळा केलेला चहा झाला, की बायका चटया टाकून आडव्या होतात. दोन महिन्यांची नवी सून वगीदा अशीच डोळा लागता लागता दचकली, सगळं अंग झटकलं गेलं. शेजारणीने ते पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की इन्साफच्या सुनेला जिन्नाने धरलंय.

सासू इन्साफने जुना उपाय केला. जिन्न लोखंडाला भितो, म्हणून दुसऱ्या दुपारी सुनेच्या मुठीत किल्ली दिली. पोरगी पुन्हा दचकली आणि किल्ली खणकन फरशीवर पडली. झालं! जिन्नाने किल्ली भिरकावली म्हणे. गुरुवारी झाडफूक करणारा शेख जिन्न झोडून काढायला छडी घेऊन येणार, असं ठरलं. मागच्याच वर्षी त्याने एका मुलीचा हात मोडला होता, हे ठाऊक असूनही ठरलं. "मला नुसतं खाली पडल्यासारखं वाटतं," असं वगीदा रडून सांगत होती. ऐकतो कोण?

बुधवारी इन्साफची थोरली नणंद तफीदा आली. चाळीस वर्षं सुईणपण केलेली बाई. सगळं ऐकून घेतलं, जेवली, चहा प्यायली. इन्साफ आडवी झाल्यावर तफीदाने तीच किल्ली तिच्या मुठीत दिली. "घरात जिन्न मोकाट आहे ना? मग तूही धर."

घोरणं सुरू व्हायच्या बेतात होतं, तोच इन्साफचा पाय झटकला. किल्ली खणकन पडली.

"अगं बाई, पायरी चुकल्यासारखं झालं," ती उठून बसत म्हणाली.

"मग शेखला दोन छड्या आणायला सांगू का?" तफीदा म्हणाली. "इन्साफ, झोप लागताना असा झटका कुणालाही बसतो. दमलेल्या, काळजीतल्या माणसाला जास्त. त्यात तुमचा हा डांबरासारखा चहा! तू दचकलीस तर पायरी चुकली, आणि ती परक्याची लेक दचकली तर जिन्न?"

सुनेकडे बघायचीही इन्साफला लाज वाटली.

गुरुवारी शेख आला तेव्हा ती स्वतः दारात उभी राहिली. "झटके मलाही येतात. मारायचं तर आधी मला मारा," ती म्हणाली. शेख आल्या पावली परत गेला. वगीदाने आतून सगळं ऐकलं आणि त्या दुपारी ती पहिल्यांदा निवांत झोपली.

बंधुभगिनींनो, जे आपल्या अंगी रोज खपतं, तेच दुसऱ्याच्या लेकीत दिसलं की आपण त्याला भूत म्हणतो. छडी मागवण्याआधी ती किल्ली एकदा आपल्या मुठीत धरून पाहावी.