दत्तारामला ताप येत नाही

आमच्या लालबागच्या चाळीत सत्यनारायणाची महापूजा सव्वीस जानेवारीला असते. सत्यनारायणाने ती तारीख मागितलेली नाही. त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी असते, एवढंच तिचं माहात्म्य. पूजा झाली की सत्कार. दहावी पास झालेली मुलं, नव्याने नोकरीला लागलेले, आणि हल्ली दोन वर्षं एक नवीन प्रकार: 'ठणठणीत ज्येष्ठ'.

ही कल्पना मंडळाचा सेक्रेटरी हितेंद्र याची. करोनात मंडळाने कपाळावर रोखून ताप मोजायचं पिस्तूल घेतलं होतं. करोना गेला, पिस्तूल राहिलं, आणि मंडळाची वस्तू वापराविना पडली की हितेंद्रला अन्न गोड लागत नाही. त्याने नियम काढला. सत्तरी ओलांडलेल्या ज्या माणसाला वर्षभर ताप आला नाही तो ठणठणीत. जानेवारी लागला की रोज संध्याकाळी तो पिस्तूल घेऊन गॅलरीतून फिरे, आणि चाळीतले म्हातारे कानटोप्या वर सारून, छाती काढून, पोलीस भरतीला उभे राहावेत तसे दारात उभे राहत.

बक्षीस म्हणजे शाल, श्रीफळ आणि नाक्यावरच्या बॅनरवर फोटो. शाल-नारळाचं कुणाला काही नव्हतं. पण आमच्याकडे बॅनरवर चेहरा झळकायचा तर एक तर निवडणूक लढवावी लागते, नाही तर मरावं लागतं. या दोन्हींशिवाय तिथे पोचलेला आमच्या चाळीतला पहिला माणूस म्हणजे दत्ताराम मेस्त्री.

दत्ताराम अठ्ठ्याहत्तरचा. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर कॉटन ग्रीनच्या एका गोदामात. दोन्ही वर्षं सत्कार त्याचाच झाला होता आणि या वर्षी हॅटट्रिकवर डोळा होता. ताप न येणं ही आपली कमाई आहे, असं तो समजून चालला होता. कुणी शिंकलं तरी तो आपल्या नावावर एक गुण जमा करी.

समोरच्या खोलीतले नाना हे त्याचे प्रतिस्पर्धी. नानांना ऑक्टोबरात सुनेने, स्पृहाने, धरून नेऊन फ्लूची आणि न्युमोनियाची लस टोचली. त्याच रात्री नानांना ताप भरला. दुसऱ्या दिवशी ते गॅलरीत चादर पांघरून बसले आणि हितेंद्रने पिस्तूल रोखून त्यांचं नाव कापलं.

"अरे, लशीचा ताप तो! मोजायचा नसतो," नाना म्हणाले.

"नाना, मशीनला कसला ते कळत नाही. आलाय ना? विषय संपला."

दत्तारामला तर दिवाळी लवकर आली. "नान्या, ताप फुकट मिळत नाय होतो म्हणून जाऊन टोचून घेतलंस काय रे?"

"तू पण घे टोचून. वय झालाहा तुझा."

"माका ताप येत नाय. मग सुई कित्याक?"

हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं की चाळीतल्या आणखी दोघा-तिघांनी आपापली सुई रद्द केली. थोर माणसाचं अनुकरण होतंच.

पूजेच्या आधीच्या आठवड्यात दत्ताराम बिघडला. बिघडला हे फक्त त्याची बायको बकुळा हिला कळलं, कारण तिच्याकडे पिस्तूल नव्हतं. तिने बांगड्याचं तिखलं केलं होतं. दत्ताराम ताटाकडे बघून म्हणाला, "नको माका."

बकुळाने डाव खाली ठेवला. दत्तारामच्या थोरल्या भावाच्या तेराव्याला, पानं उठल्याबरोबर, "आता मासळी कधी?" असं विचारणारा हा माणूस. तो बांगड्याला नको म्हणाला.

"अवो, बरा नाय काय तुमका?"

"ताप बघ."

तिने कपाळाला हात लावला. कपाळ थंड. दत्ताराम विजयाने हसला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट घडलं. पाण्याच्या टाकीवरून वाद निघाला आणि दत्ताराम नानांना म्हणाला, "तू म्हणतंस ता बरोबर आसा." नाना इतके घाबरले की वाद सोडून घरात गेले. गॅलरीच्या टोकाला संडासापर्यंत जाताना दत्ताराम मध्येच भिंतीला टेकू लागला. एकदा त्याने बकुळाला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारली.

बकुळाने शेजारणींना सांगितलं. पहिला प्रश्न एकच: "ताप आहे?" नाही म्हटलं की सगळ्या मोकळ्या. थंडी आहे, हवा खराब आहे, वय झालं, पूजेचं टेन्शन घेतलंय. हितेंद्रने पिस्तूल रोखलं, सत्त्याण्णव. "काकी, तुम्ही उगाच घाबरता. काका फिट्ट आहेत. शालीचा रंग कुठला आणू तेवढं विचारा."

शेवटी बकुळा नानांकडे गेली. नानांनी बायकोच्या साड्यांच्या खालून बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन काढलं. तेही मंडळाचंच. करोनात नेलं होतं, परत द्यायचं राहून गेलं होतं. राहून कसं गेलं, हा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही. नानांनी ते दत्तारामच्या बोटाला लावलं. आकडा शहाऐंशीवर थांबला.

"दत्ता, हॉस्पिटलात चल. आत्ता."

"परवा पूजा आसा."

"पूजेपर्यंत राहशील काय तू?"

"तुझा नाव कापला म्हणून माझा कापूक इलंस," दत्ताराम म्हणाला. एवढं बोलायला त्याने तीनदा श्वास घेतला. "ताप नाय माका. पूजा झाली की येतंय."

नाना बाहेर आले. बकुळा मागोमाग. मुलगा खोपोलीला कामावर, पोचेपर्यंत रात्र. उचलून न्यावं तर दत्ताराम खाटेचा कठडा धरून बसलेला, आणि चार माणसं बोलवावीत तर चारही विचारणार, ताप आहे का?

"ह्या माणसाक ताप इल्याशिवाय कोण हात लावचो नाय," बकुळा म्हणाली आणि घरात जाऊन गॅसवर पाणी ठेवलं.

संध्याकाळी हितेंद्र यायच्या वेळेला तिने रबराची शेकायची पिशवी गरम पाण्याने भरली, पंच्यात गुंडाळली आणि दत्तारामच्या कपाळावर ठेवली. "डोका शेकतंय. बरा वाटात." दत्ताराम गुंगीतच होता. शाळेत न जाण्यासाठी पोरं काखेत कांदा ठेवतात. बकुळाला पंचाहत्तरीत ती युक्ती सुचली. हितेंद्रच्या चपला शेजारच्या दारात वाजल्या तशी तिने पिशवी उशीखाली सरकवली.

पिस्तूल ओरडलं. लाल दिवा लागला. एकशे तीन.

हितेंद्रने ते हलवून स्वतःच्या कपाळाला लावून बघितलं, मग पुन्हा दत्तारामच्या. एकशे दोन.

"काकी! काकांना ताप!"

यापुढे काय झालं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. आठवडाभर जो माणूस श्वासासाठी भिंत धरत होता त्याच्यासाठी न हललेली चाळ एका लाल दिव्याने खडबडून उठली. कुणी खुर्ची आणली, कुणी मंडळाची रुग्णवाहिका बोलावली, कुणी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या आणल्या. त्या मात्र बकुळाने कपाळाला लावू दिल्या नाहीत. शेजारणी म्हणाल्या, "अगं, सांगायचं नाही का आधी?" आणि ज्याच्यासाठी थांबायचं तेच गेलं म्हटल्यावर दत्तारामने खाटेचा कठडा सोडला. जिना उतरताना त्याने हितेंद्रला एवढंच विचारलं, "मशीन बरोबर आसा मा?"

परळच्या हॉस्पिटलात अपेक्षा नावाची तरुण डॉक्टर होती. तिने ताप मोजला आणि भुवया चढवल्या. "सत्त्याण्णव पॉइंट सहा. एकशे तीन कुणी सांगितलं?"

हितेंद्रने पिस्तूल पुढे केलं. नानांनी छताकडे बघितलं. "मीच केलंय ते," बकुळा म्हणाली. "गरम पिशवी ठेवली होती. नायतर हे लोक ह्यांका आणूचे नाय होते."

डॉक्टरने तिच्याकडे बघितलं, मग एक्स-रेकडे. उजवं फुप्फुस खालून अर्ध्यापर्यंत पांढरं होतं. न्युमोनिया. ऑक्सिजन लावला, सलाईनमधून औषधं सुरू केली, आणि दोन रात्री त्या माणसाचं काय होणार हे कुणी छातीठोक सांगेना. पूजा झाली, शिरा वाटला गेला, पिशवीचा असला तरी मशीनवर आला तो ताप, म्हणून हितेंद्रने दत्तारामचं नाव कापलं आणि सत्कार बीडीडी चाळीतून आमच्याकडे राहायला आलेल्या एका निवृत्त पोस्टमनचा झाला. बकुळाने प्रसाद हॉस्पिटलच्या बाकावर बसून खाल्ला.

तिसऱ्या दिवशी दत्तारामला माणसं ओळखू येऊ लागली, आणि डॉक्टर त्याला समजवायला बसली.

"आजोबा, ताप हा रोग नाही. जंतू आत शिरले की शरीर भट्टी पेटवतं, तो ताप. त्यालाही ताकद लागते. नवे शिपाई घडवणारी एक ग्रंथी छातीत असते, ती तरुणपणापासूनच सुकत जाते. म्हातारपणी जुन्याच शिपायांवर भागवायचं. ते जुने शत्रू ओळखतात, नवा आला की कूस बदलून झोपतात. म्हणून या वयात न्युमोनिया होतो आणि कपाळ थंड राहतं. माणूस नुसता जेवत नाही, बडबडतो, पडतो."

दत्ताराम म्हणाला, "म्हणजे नवी भरती बंद."

"अगदी बरोबर."

"आमच्या गिरणीत तसाच झाला होता. बदलीवाले, नवे पोरगे, घेणा बंद केल्यानी. मगे मशीनीर सगळे म्हातारे. लांबसून बघलास तर गिरण एकदम शांत."

डॉक्टर हसली. आपलं म्हणणं पोचलं, असं बिचारीला वाटलं. पण दत्तारामचं डोकं भलत्याच दिशेला निघालं होतं. तो उशीवरून उठू लागला.

"म्हणजे माका ताप नव्हतोच!"

"नव्हता."

"बकुळा! एकशे तीन कसला मगे?"

बकुळाने सगळं सांगितलं, पोस्टमनच्या शालीसकट. लपवण्यात अर्थ नव्हता, आणि नाना तिथेच बसले होते, त्यांनी नसतं सांगितलं तर त्यांचं पोट फुटलं असतं. दत्तारामचा चेहरा लाल झाला. "माझी हॅटट्रिक घालवलीस गो! त्या पोस्टमनाक शाल गेली! आत्ताच्या आत्ता कमिटीसमोर जाऊन सांग, पिशवी होती म्हणून!"

"सांगते," बकुळा म्हणाली. "माइकवर सांगते. पण एक अट आसा."

"कसली?"

"नानांनी घेतली ती सुई. दोन्ही."

वर्षानुवर्षं गोदामात माल मोजून घेतलेल्या माणसाने हा सौदा उलटसुलट करून पाहिला. सुई घेतली तर यंदाचा मान परत. पण सुईने नानांसारखा ताप भरला तर पुढचं वर्ष गेलं. नाही घेतली तर बायको माइकसमोर उभी राहणार नाही, आणि ती एकदा नाही म्हणाली की काय करते हे त्याने नुकतंच पाहिलं होतं.

"डॉक्टर," तो शेवटी म्हणाला, "ह्या सुईन ताप येता काय?"

"काहींना येतो. तुम्ही पूर्ण बरे झालात की महिन्याने या, तेव्हा देऊ," डॉक्टर अपेक्षा त्याची छाती तपासत म्हणाली. "आणि आजोबा, तुमच्या वयात ताप आलाच तर पेढे वाटा."

दत्तारामने नानांकडे बघितलं. नाना कधी नव्हे ते ऐटीत बसले होते.

"तारीख लिहून द्या," बकुळा डॉक्टरला म्हणाली. "ह्यांका मी घेऊन येते. कठडो धरून बसले तर खाटेसकट."