सेवकरामच्या चक्कीपासून नाल्यापर्यंत

ग्रामपंचायत होती तेव्हापासून कारकुनी करणाऱ्या ताराचंदला आता कागदाचा वाससुद्धा नकोसा झाला होता. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि नगरपंचायतीच्या साहेबांनी जाता जाता प्रभाग रचनेचं काम त्याच्या गळ्यात मारलं. सतरा प्रभाग, आणि प्रत्येकाच्या चारही हद्दी शब्दांत लिहायच्या. पाच नंबरची हद्द त्यानं जवळजवळ झोपेतच लिहिली. त्याचाच तर मोहल्ला होता. ‘सेवकरामच्या चक्कीपासून पूर्वेस नाल्यापर्यंत.’

ती चक्की सहा वर्षांपूर्वीच तिथून बसस्टँडच्या रस्त्यावर हलली होती. ताराचंदला हे माहीत नव्हतं असं नाही, दळण तोच तिकडे नेत असे. पण मोहल्ल्यात अजूनही त्या जुन्या, रिकाम्या कोपऱ्यालाच सगळे सेवकरामची चक्की म्हणतात, खुद्द सेवकरामसुद्धा. हात सवयीनं चालला. नकाशा काढणारा जिल्ह्याहून आलेला, त्याला याचं काय सोयरसुतक? त्यानं चक्की शोधली, जिथं सापडली तिथून रेघ ओढली, आणि मागची अख्खी गल्ली सहा नंबरात गेली.

त्या गल्लीत ब्याण्णव मतं होती आणि ती चंद्रकांताबाईची होती. शिलाई मशीन बंद करून दहा वर्षं ही बाई लोकांच्या रेशनकार्डांसाठी तहसिलात हेलपाटे घालत होती. मागच्या निवडणुकीत अकरा मतांनी पडली. गल्ली गेली की तिचं सगळंच गेलं.

हरकती घेण्याच्या शेवटच्या दिवशी ती सकाळीच ताराचंदच्या अंगणात आली. मोहल्ल्याचे सगळे अर्ज तोच लिहून देई.

“भाऊ, हरकत लिवून द्या. कोन्या मुडद्यानं केलं जी हे? हात झडून जावोत त्याचे.”

“बसा, वहिनी,” तो म्हणाला.

गुळमुळीत काहीतरी लिहिलं असतं तर अर्ज फेटाळला गेला असता आणि त्याचं नाव कुठंच आलं नसतं. खरं कारण लिहिलं तर शेवटच्या चार महिन्यांत नोटीस. ताराचंदनं पेनाचं टोपण काढलं. खोटं सांभाळायलाही अंगात जोर लागतो, तो त्याच्यात उरला नव्हता. शिवाय बाईची दहा वर्षं त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. ‘लिपिकाने हद्दीची खूण चुकीची लिहिली आहे,’ असं त्यानं लिहिलं. कोणत्या लिपिकानं, हे न विचारता तिनं सही केली.

सुनावणीला अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. “ही हद्द कोणी लिहिली?”

“मी, सर,” ताराचंद म्हणाला.

“आणि हा अर्ज? अक्षर तर तेच दिसतं.”

“तोही मीच.”

हरकत मंजूर झाली. गल्ली परत पाच नंबरात आली आणि ताराचंदच्या हाती नोटीस पडली, तीन दिवसांत खुलासा द्या म्हणून. चंद्रकांताबाई समोरच उभी होती. ती पदर तोंडाला लावून निघून गेली. ते त्याला नोटिशीपेक्षा जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो कोऱ्या कागदापुढे बसलेला असताना ती आली.

“लिवलं का?”

“नाही जी. हातच चालत नाही.”

“द्या इकडं. सांगा मले.”

बाई पाचवी शिकलेली, अक्षर मोठं नि वाकडं. त्यानं सांगितलं, “सदर चूक माझी एकट्याची आहे.” ती लिहीत राहिली, वाक्य संपलं तरी लिहीतच राहिली. त्यानं वाकून वाचलं. ‘आमी सगडेच त्या कोपऱ्याले सेवकरामची चक्की मनतो. चूक मोहल्ल्याची आहे.’ खाली तिची सही, आणि त्याखाली बरीच मोकळी जागा.

“वहिनी, सरकारी काम आहे. हे चालत नाही.”

“नाही चाललं तं नाही. तुमाले शिव्या देल्ल्या मी, भाऊ. त्या तं वापस घेऊ द्या.”

बाकीच्या सह्या घ्यायला ती कागद घेऊन गल्लीकडे निघाली. ताराचंद पाहत राहिला. इतक्या वर्षांत त्याच्यासाठी अर्ज लिहिणारं हे पहिलंच माणूस होतं.