बेरजेत न धरलेला स्टोव्ह

ऋषीने कॉलेज अर्धवट सोडून प्लंबिंग धरलं, तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळात हळहळणाऱ्यांत गुरुनाथ सामंत पहिल्या रांगेत होते. आता मंडळातल्या निम्म्या घरांचे हीटिंगचे बॉयलर ऋषीच बसवतो आणि हळहळणारे त्याच्याकडे 'आपलाच मुलगा' म्हणून डिस्काउंट मागतात. जानेवारीत सामंतकाकांचा बॉयलर गळायला लागला, तेव्हा त्यांनीही मागून पाहिला.

ऋषी बेसमेंटमध्ये उतरला तो बॉयलरकडे न बघता मीटरपासून गॅसचा पाईपच मोजत निघाला. काका म्हणाले, पाईपचं काय बघतोस, तो हिशेब झालेला आहे. झालेला होताच. भिंतीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद लटकत होता. तीस वर्षांपूर्वी तेलाचा बॉयलर काढून गॅसचा घेतला, तेव्हा कॉन्ट्रॅक्टर जाड पाईप घाला म्हणत होता. केमिकल इंजिनियर सामंतांनी स्वतःच्या हाताने बेरीज मांडून त्याला गप्प केलं. बॉयलर एकशे दहा, पाणी तापवायची टाकी चाळीस, एकूण तासाला दीडशे हजार बीटीयू, म्हणजे एवढ्या उष्णतेचा गॅस. एवढ्या लांबीचा पाऊण इंची पाईप देतो एकशे एक्कावन्न. खाली दोन रेघा. घरी पाहुणा आला की चहाआधी त्याला हा कागद बघायला जिना उतरावा लागे.

ऋषीने तो दोनदा वाचला.

"काका, वरचा स्टोव्ह?"

"त्याचं काय?"

"यात नाहीये. पासष्ट तरी असेल. आणि सेम पाईपवर आहे."

काका म्हणाले, स्वयंपाकाला असा कितीसा गॅस लागतो. ऋषीने समजावलं की बॉयलर पेटला की स्टोव्हची ज्योत बसणारच, त्याच्या वाट्याला काही उरतच नाही. कोणी कधी कम्प्लेंट केली नाही का?

केली होती. बायकोने, सुचित्राने, पहिल्याच हिवाळ्यात. हीट सुरू झाली की ज्योत बसते, भाकरी फुगत नाही. काकांनी आधी बर्नर घासायला सांगितला, मग तांदळाचं पीठ बदलायला. मग मंडळाच्या पिकनिकला, आमच्या हिच्या भाकरीला न्यू जर्सी मानवत नाही, असं म्हणून चाळीस माणसं हसवली. पुढे ती बोलायची थांबली आणि प्रश्न सुटला असं काकांनी धरून टाकलं. गेल्या मार्चमध्ये ती गेली.

"नाही," काका ऋषीला म्हणाले, आणि वर जाऊन त्यांनी हर्नडनला राहणाऱ्या मुलीला, चारुताला, फोन लावला. बॉयलरचं सांगता सांगता सहज विचारावं तसं विचारलं, आई त्या स्टोव्हबद्दल नंतर कधी काही म्हणाली होती का?

चारुताने उलट विचारलं, "बाबा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? भाकऱ्यांच्या आधी ती थर्मोस्टॅट डाऊन करायची, बॉयलर बंद पडावा म्हणून. झाल्या की परत अप."

"मला का नाही सांगितलं?"

"म्हणायची, कागद भिंतीवर लावलाय बिचाऱ्यांनी, राहू दे."

काका ऑफिसातून यायचे तेव्हा घर गार पडलेलं असायचं. हिला साधं थर्मोस्टॅटचं भान नाही, म्हणून ते रोज कुरकुरायचे. ती दोन स्वेटर घालून वाढायची. भाकरी फुगलेली असायची आणि ती का फुगली हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

ऋषी वर आला. त्याने सरळ मार्ग काढला होता. काका एकटेच, त्यात डबा लावलेला. स्टोव्हचा गॅस बंद करून इंडक्शन ठेवलं की जुना पाईप चालतो, काकांची बेरीजही बरोबर येते. नाहीतर एक इंची पाईप, छत फोडायचं आणि दोन दिवस हीट बंद.

"स्टोव्ह बेरजेत धर," काका म्हणाले.

"पण कुक कोण करणार, काका?"

"कोणी नाही. तरी धर."

मग दोन दिवस चारुताकडे तरी जा, ऋषी म्हणाला, इथे फार थंडी पडेल.

"दोनच दिवस ना. तिने तीस हिवाळे काढले."

कोणी, ते ऋषीला कळलं नाही. तो विचारणार तोवर काका बेसमेंटमध्ये उतरून पाईपखालची खोकी बाजूला करायला लागले होते. पहिलंच खोकं उचलेना, म्हणून ते वाकून त्याला जमिनीवरून ढकलत होते.