मास्तरांच्या हाताला तेल

माणसाने हट्टी असावं, पण त्याला काही सुमार? टेलरमास्तरांना तो नव्हता, आणि हे त्यांच्या बायकोइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा कापडाचा गठ्ठा काढायला गेले आणि धाडकन पडले. मनगट मोडलं, तेही उजवं. दीड महिन्याने प्लॅस्टर निघालं तेव्हा हात चिपाडासारखा वाळलेला आणि बोटं अर्ध्यावरच अडकलेली. चहाचा कप धरता येईना, तिथे लोखंडी कात्रीची काय कथा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की रोज दोन वेळा खोबरेल तेलाने हात चोळा, तेल जिरू द्या, एकेक बोट वाकवत जा. दोन महिन्यांत मूठ वळली तर वळली, नाहीतर सांधे असेच आखडून बसतील. म्हणजे कात्री सुटली. आणि चाळीस वर्षांत कात्री धरण्यापलीकडे मास्तरांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

आता यात अवघड ते काय होतं? गप बसायचं आणि चोळून घ्यायचं, तान्ही बाळंसुद्धा घेतात. पण मास्तरांचं तेलाशी जुनं वाकडं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर, मध्ये नुसता एक पडदा. लग्न होऊन ती आली त्याच आठवड्यात त्यांनी तिला बजावलं होतं, की या घरात तेलाचं बोट कापडाला लागता कामा नये. गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग पडला तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तेव्हापासून तिच्या केसांना तेल आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या आदल्या रात्री. हातांना तर कधीच नाही, कारण काजं करणारी आणि बटणं लावणारीही तीच. मशीनला मात्र दर शनिवारी न चुकता तेल मिळायचं. मशीनचे केवढे लाड, आणि माणसं आपली कोरडी ठणठणीत.

दूर राहणारी लेक रोज फोन करून बापाला खोबरेलाचे गुण ऐकवायची. कातडी मऊ पडते, रक्त खेळतं, आखडलेलं अंग मोकळं होतं, झोप गाढ लागते. मास्तरांकडे एकेका गुणाला उत्तर तयार. मऊ कातडी काय चाटायची आहे? रक्ताला खेळायला काय शाळा सुटलीय? आणि झोप त्यांना तेलावाचूनही लागतच होती, ते घोरण्यावरून शेजाऱ्यांनाही माहीत होतं. लेक हसून फोन ठेवायची. तिला हसायला काय जातं? इथे बाटली गरम पाण्यात धरून गोठलेलं तेल पातळ करणारी बायको, अर्धा अर्धा तास चोळणारी तीच, आणि उरलेल्या वेळात गिऱ्हाइकांचे राहिलेले कपडे शिवणारीही तीच.

तीन आठवडे तिने हात चोळला. स्वतःचा खांदा भरून आला तरी चोळला. आणि हात? मऊ पडायचं राहिलं, उलट भेगाळायला लागला. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मुलगी तर तोंडावर म्हणाली, की काकू, रोज चोळता ना नक्की? म्हणजे घ्या. राबून राबून वर ही शंका. ते तिला फार लागलं. घरी येईपर्यंत ती धुसफुसत राहिली, आणि मास्तर मात्र वाटभर तिची नजर चुकवत होते.

का, ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. चोळून झालं, ती टॉवेल आणायला आत गेली आणि टॉवेल दोरीवर नाही म्हणून तशीच परत फिरली. पडदा सारला तर मास्तर पाठमोरे बसलेले. डाव्या हाताने उजव्या हातावर पांढरी भुकटी दाबत होते. शिंप्याचा खडू. कापडावर तेलाचा डाग पडला, की ते खडूचा चुरा करून तासभर दाबून ठेवायचे, चुरा सगळं तेल ओढून घ्यायचा. ही युक्ती तिला त्यांनीच शिकवली होती.

तिने विचारलं, हे रोज करता? मास्तरांनी मान डोलावली. दोन्ही वेळा? दोन्ही वेळा. वर समजूतही घातली, की जिरायचं तेवढं जिरतंच की, उरलेलं अंगावर ठेवून कापडाजवळ कसं बसायचं?

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकवीस दिवस, बेचाळीस वेळा चोळलेला हात या माणसाने डाग समजून साफ केला होता.

"हात आहे तो," ती म्हणाली. "कापड नाही."

तिने बाटली उचलली आणि तेल आपल्याच दोन्ही तळव्यांवर ओतलं, मनगटावरून ओघळेपर्यंत. मग ती बेतायच्या टेबलाकडे वळली. तिथे पांढऱ्याशुभ्र सदऱ्याचं कापड पसरलेलं होतं.

"आज डाग पडू दे," ती म्हणाली. "एकदा पडला म्हणजे तुमची भीती तरी जाईल."

भीती दाखवायला नव्हती म्हणत ती. खरंच हात टेकवणार होती, कापडापासून वीतभर अंतर उरलं होतं, तेवढ्यात मास्तरांनी झेप घेतली आणि तिचं मनगट धरलं. तेलाने पकड निसटली. त्यांनी पुन्हा धरलं, जास्त घट्ट.

दोघंही तशीच उभी राहिली. आधी तिच्या ध्यानात आलं, मग त्यांच्या. तिचं मनगट उजव्या हाताने धरलेलं होतं, आणि तिच्या हाडाला लागतील इतकी बोटं वळलेली होती.

"सोडू नका," ती म्हणाली. राग अजून उतरला नव्हता.

मास्तरांनी सोडलं नाही. कापडाकडे बघायचं तेही विसरले. तिचा तळवा त्यांनी उजेडाकडे वळवला. सुईची भोकं पडून पडून टणक झालेली बोटं, आणि अंगठ्याखालच्या भेगा, त्यांच्या हातावरच्यांपेक्षा कितीतरी जुन्या. त्या भेगांमध्ये तेल हळूहळू उतरत होतं.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"या घरात तेल बंद झालं तेव्हापासून."

त्यांनी डाव्या हाताने पांढरं कापड घडी करून फळीवर टाकलं, तिला स्टुलावर बसवलं आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने तिचा तळवा चोळायला लागले. अंगठा मध्येच अडकत होता, दुखतही असणार. बाहेर कुणीतरी मास्तर, मास्तर म्हणून दोनदा हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही.

"जरा जोर लावा," ती म्हणाली. "आणि अजून दुसरा हात आहे."