पिंपाचा तळ

थोरलीच्या कोंबड्या आजारी पडत नाहीत, हे अख्ख्या गल्लीला पाठ होतं. पाठ होणारच, थोरलीनंच ते घोकून घेतलं होतं. शाळेत ती जेमतेम दोन वर्षं गेली, पण घोकून घेणं तिला तेवढ्यात जमलं आणि उरलेलं आयुष्य तिनं शिकण्याऐवजी शिकवण्यात घालवलं.

तिच्या परसात नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबडा नावालाच. घरातल्या पुरुषांसारखा तोही सकाळी एकदा आवाज काढी आणि मग दिवसभर कोपऱ्यात उभा राही. नऊजणींत एक लंगडी होती. पिल्लू असताना तिचा पाय दाराच्या फटीत सापडला होता. दार थोरलीनंच लोटलं होतं, पण ही गोष्ट गल्लीला पाठ नव्हती. तेव्हापासून लंगडी तिच्या मागं मागं फिरे आणि थोरली मागच्या पायरीवर टेकली की मांडीशी येऊन बसे. जगात थोरली कोणाशी गोड बोलत असेल तर ते लंगडीशी, आणि तेही आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून.

कोंबड्यांचा भरडा एका पत्र्याच्या पिंपात असे. पिंप न्हाणीच्या भिंतीला टेकून, फरशीवर उभं. ते थोरलीच्या सासूचं होतं आणि सासूनं त्याबरोबर एक नियमही दिला होता: पिंपाचा तळ दिसता कामा नये. अर्धं झालं की वरून नवं पोतं ओतायचं. तळ दिसला की घर बसलं. थोरलीनं सासूचं बाकी काही ऐकलं नसेल, पण हे ऐकलं, कारण यात कष्ट कमी होते.

सून या घरात आली त्या वर्षी तिनं भीत भीत विचारलं होतं, "आई, खालचं कधी काढायचं?"

"तू आलीस तेव्हा पिंप भरलेलं होतं की रिकामं?"

"भरलेलं."

"मग?"

त्या घरात 'मग' म्हटलं की वाद संपत असे. तरी सुनेनं नंतर आणखी दोनदा विचारलं. एकदा भरड्याला कुबट वास येतो म्हणून आणि एकदा गाठी निघतात म्हणून. दोन्ही वेळा थोरलीनं तिला सांगितलं की नाक शिंकायला असतं, घर चालवायला नसतं.

त्या साली पलीकडच्या रस्त्यावर बेकरीवाल्याकडं कोंबड्यांत मानमोडीचा रोग आला. चार दिवसांत त्याच्या चौदा कोंबड्या गेल्या, माना पिळून मागं वळलेल्या. आदल्या वर्षी गुरांच्या दवाखान्यातली लसवाली दारात आली तेव्हा थोरलीनं तिला पाणी देऊन परत पाठवलं होतं, "दुबळ्यांना दे, पोरी. आमच्यांना गरज नाही." आता चौदा कोंबड्या गोणीत भरून नेताना पाहिल्यावर तिची गरज जरा बदलली. पण बदलली असं म्हणेल ती थोरली कसली. तिनं गल्लीतल्या बायकांना सांगितलं, "गुरुवारी लसवाली येतेय. पहिल्यांदा माझ्याकडं. तुम्ही नुसत्या बघायला या. माझ्या कोंबड्या पापणी हलवत नाहीत ते बघितलं की तुम्हाला धीर येईल."

खरं तर पंधरा दिवसांपासून कोंबड्या मलूल होत्या. सात अंडी होती त्याची दोन झाली होती. तुरे फिकट पडले होते आणि पिसं फुलवून त्या भिंतीशी उभ्या राहत. थोरलीकडं प्रत्येकाचं उत्तर होतं. अंडी उन्हामुळं. पिसं गळतीच्या दिवसांमुळं. तुरे शिंपिणीच्या नजरेमुळं. समोरच्या शिंपिणीची नजर मोठी कामसू होती, थोरलीच्या घरात दूध नासलं तरी ते तिच्याच खाती जाई.

गुरुवारी कुंपणाशी सात-आठ बायका जमल्या. शिंपीण सगळ्यांत पुढं, शिलाईचं माप गळ्यातच. लसवाली आली, खांद्यावर बर्फाचा डबा. आत पाऊल टाकायच्या आधी तिनं बादलीत औषधाचं पाणी करून आपले बूट बुडवले.

"आमचं अंगण स्वच्छ आहे," थोरली म्हणाली.

"माझे बूट नाहीत ना, आजी. मी बेकरीच्या रस्त्यावरून आलेय."

डबा न उघडताच तिनं आधी कोंबड्या पाहिल्या. दोन उचलल्या, पिसं फुंकरून बघितली, पापणी ओढली, विष्ठेकडं पाहिलं. मग लंगडीला उचललं. लंगडीनं पंखही फडफडवला नाही. कुंपणाकडून शिंपीण हलकेच म्हणाली, "खरंच, पापणी हलवत नाही हो."

"यांना आज लस नाही देता येणार," लसवाली म्हणाली.

"का? संपली?"

"लस आहे. कोंबड्यांत जीव नाही. मानमोडी नाही ही, माना सरळ आहेत, घरघर नाही. पण अंगात ताकद नसली की लस नुसती जाते, लागत नाही. खायला काय घालता?"

थोरलीनं पिंपाकडं हात केला, जसा एखादा आपल्या बंगल्याकडं करतो. लसवालीनं झाकण काढलं, बाही वर सरकवली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बाहेर आला तेव्हा मुठीत हिरवट राखाडी ढेकूळ होतं. त्यावर कापसासारखी लव होती.

"वास घ्या."

"जुन्याचा वास आहे तो," थोरली म्हणाली. "जुन्याला वास असतोच. मलाही आहे."

"ही बुरशी आहे, आजी. हिचं विष भरड्यात उतरतं आणि कोंबडीचं काळीज आतून खातं. चाळून जात नाही, भाजून जात नाही. पिंप पूर्ण रिकामं करा. सगळं खोल पुरा, दुसऱ्या कुठल्या जनावराला घालू नका."

"आमच्या घरात पिंप रिकामं करत नाहीत."

"मग आमच्या दवाखान्यात लसही देत नाहीत." लसवालीनं डबा खांद्याला लावला. "कुपी एकदा फोडली की दोन तासांत संपवायला लागते, मी पुढं जाते. पुढच्या गुरुवारी येईन. तोवर कोंबड्या कोंडून ठेवा, बाहेरची चप्पल आत आणू नका. रोग दोन रस्त्यांवर आहे. हे आठ दिवस सगळं नशिबावर आणि या पिंपावर आहे."

त्यानंतर ती समोर शिंपिणीकडं गेली. शिंपिणीच्या पाच कोंबड्यांच्या डोळ्यांत एकेक थेंब पडला. थोरलीनं दार लावून घेतलं, पण दाराला फट होती आणि फटीला तिचा डोळा होता.

कोंडून ठेवणं तिनं असं केलं की काय सांगावं. नवऱ्यालासुद्धा परसात जायला बंदी. चपला बाहेर, पाय धुऊन आत, पेपरवाल्यानं पेपर कुंपणावरून टाकायचा. एवढं सगळं केलं आणि भरडा त्याच पिंपातला घातला. फक्त वरून नवं पोतं ओतलं आणि मनाची समजूत घातली की आता कोंबड्या वरचंच खातील. कोंबड्या खातील वरचंच, पण वाढणारीचा हात खालपर्यंत जात होता. सुनेनं तिला हे सांगितलं. थोरली म्हणाली, "तू लसवालीची कोण लागतेस?"

शनिवारी नऊजणींतली ठिपकी मेली. मान सरळच होती, म्हणजे मानमोडी नव्हे. थोरलीनं हे नवऱ्याला दोनदा ऐकवलं. तो पेपराआडून म्हणाला, "बरं झालं, सरळ मानेनं गेली." त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

रविवारी थोरली पायरीवर टेकली तर मांडीशी कोणी आलं नाही. लंगडी भिंतीपाशी डोळे अर्धे मिटून बसली होती. थोरलीनं हाक मारली. लंगडी उठली, दोन पावलं आली आणि तिथंच बसली, म्हातारं माणूस जिन्यात बसावं तशी.

सासूनं सांगितलं होतं, तळ दिसला की घर बसलं. इथं तळ झाकलेला होता आणि घर तिच्या डोळ्यांसमोर बसत होतं.

सोमवारी सून कामाला गेल्यावर थोरलीनं पदर खोचला. सुनेसमोर पिंप उपसायचं म्हणजे अकरा वर्षांचे 'मग' परत घ्यायचे, त्यापेक्षा गुपचूप उरकलेलं बरं. झाकली मूठ सव्वा लाखाची. टोपल्यानं वरचं उपसून झालं. मग हात पुरेना. मग तिनं स्टूल घेतलं आणि कमरेपासून वर सगळी आत गेली.

सून त्या दिवशी लवकर घरी आली. तिला न्हाणीशी आधी सासूचे पाय दिसले. एक स्टुलावर, एक हवेत. आतून खोकला ऐकू येत होता आणि खोकल्याच्या मधून मधून कोणालातरी शिव्या.

"आई?"

शिव्या थांबल्या. "काय?"

"बाहेर येता, की मी आत येऊ?"

थोरलीला बाहेर काढायला दोघं लागली. नवऱ्यानं पाय धरले, कारण ते त्याच्या सवयीचं होतं. तिच्या केसांत, भुवयांत हिरवट धूळ. सून हसली नाही. हसली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. सुनेनं दोन फडकी आणली, एक आपल्या नाकाला बांधलं, एक सासूच्या, आणि म्हणाली, "तुम्ही तिकडनं धरा. उचलून आडवं करू."

दोघींनी दोन्हीकडून पिंप धरलं आणि कंबर लावून उचललं. पिंप भसकन वर आलं. इतकं हलकं, की दोघी मागं धडपडल्या.

आणि भरडा जागच्या जागी उभा राहिला.

साच्यातून काढल्यासारखा गोल, गुडघ्याएवढा उंच. खाली ओली फरशी आणि गंजाचा लाल चुरा. न्हाणीची ओल वर्षानुवर्षं पत्रा खात गेली होती. जो तळ दिसू नये म्हणून थोरली एवढी वर्षं जपत होती तो तळ कधीचाच संपला होता. भरडा सरळ जमिनीवर होता आणि थोरली वर झाकण लावून सासूचा नियम पाळत होती.

बाजूनं बघितलं तर थर दिसत होते. वरचा पिवळा, त्याखाली करडा, मग हिरवा. एका थरात मक्याचे दाणे होते. तो लेकाच्या लग्नाच्या सालचा, तेव्हा मका स्वस्त मिळाला म्हणून भरला होता. म्हणजे सून आली तेव्हाच्या भरड्यावर तिची अकरा वर्षं ओतली गेली होती. तळाशी जे होतं ते सासूच्या हातचं असावं. ते काळं, कडक आणि सासूसारखंच न हलणारं होतं, कुदळीनंच निघालं.

"दिसला का तळ?" पलीकडून नवऱ्यानं विचारलं.

"नाही," थोरली म्हणाली. आयुष्यात इतकं खरं ती फार कमी वेळा बोलली असेल.

परसाच्या टोकाला कमरेएवढा खड्डा खणून ते सगळं पुरलं. सुनेनं प्लॅस्टिकचं घट्ट झाकणाचं पिंप आणलं, विटांवर फळी टाकून त्यावर ठेवलं, भिंतीपासून हातभर लांब. भरडा महिनाभर पुरेल एवढाच. थोरली पायरीवरून बघत होती. "फळी तिरकी आहे," ती म्हणाली. फळी सरळ होती. पण काहीच न बोलता बसायची तिला सवय नव्हती.

नव्या भरड्यावर बुधवारी कोंबड्या झडप घालून खाऊ लागल्या. लंगडी तिसऱ्या पायरीपर्यंत आली.

गुरुवारी बायका पुन्हा कुंपणाशी. या वेळी थोरलीनं कोणाला बोलावलं नव्हतं, तरी जास्त होत्या. लसवालीनं बूट बुडवले, एकेक कोंबडी उचलून पाहिली. थोरली श्वास धरून उभी. परीक्षेत नापास होऊन तिनं शाळा सोडली होती, तेव्हासुद्धा निकालाची तिला एवढी पर्वा नव्हती.

"सात चालतील," लसवाली म्हणाली. "लंगडीचं सांगता येत नाही. देऊ, पण लागेल याची खात्री नाही. पंधरा दिवस कोंडूनच ठेवा, तेवढे दिवस लसीला लागतात. पंधरा दिवसांत काय ते कळेल."

लंगडीला थोरलीनं स्वतः धरलं. थेंब डोळ्यात पडला. पापणी मिटेपर्यंत सोडायचं नाही, लसवाली म्हणाली. थोरलीनं बघितलं, लंगडीची पापणी मिटली, उघडली. थोरलीचीही मिटली, पण ती लगेच उघडली नाही.

कुंपणावरून शिंपीण म्हणाली, "भरड्याचं तुम्हाला कसं कळलं हो? आमच्याकडं पण असंच पिंप आहे, जमिनीवर. आम्हीपण वरूनच ओततो."

थोरलीची मान आपोआप ताठ झाली. "मी तर पहिल्यापासून..."

सून फळीपाशी भरड्याचं झाकण लावत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. लंगडी थोरलीच्या काखेत होती, हलकी, गरम. पंधरा दिवस.

"पहिल्यापासून मी नाही म्हणत होते," थोरली म्हणाली. "ही म्हणत होती. तीनदा. मी तिचं ऐकलं असतं तर ठिपकी असती."

पेपर खाली सरकला आणि त्याच्यामागून नवऱ्याचा चेहरा बऱ्याच दिवसांनी अख्खा दिसला.

"बघत काय बसलात," थोरली बायकांना म्हणाली. "घरी जा आणि पिंपं उचला. आणि उचलताना बेतानं, खाली काही उरलं असेलच असं नाही."

पंधरा दिवस तिनं लंगडीला पायरीवर येऊ दिलं नाही, तीच परसात जाळी लावून केलेल्या कोंडवाड्यात जाऊन बसली. मानमोडी पलीकडच्या रस्त्यावरून गल्लीच्या तोंडाशी आली. तिथल्या दोन घरांत रिकामी झाली ती पिंपं नव्हे, खुराडी. सोळाव्या दिवशी थोरलीनं कोंडवाड्याचं दार उघडलं. आठ कोंबड्या बाहेर पडल्या. आठवी सावकाश, एका पायानं.

आता त्या घरात नवा नियम आहे आणि थोरली तो जुन्याइतक्याच कडकपणे चालवते. महिना संपला की सून पिंप आडवं करते आणि हाक मारते, "आई, तळ बघायला या." थोरली गुडघ्यावर हात ठेवून वाकते, आत डोकावते, अंमळ जास्तच वेळ बघते.

"आहे," म्हणते, आणि मगच नवं पोतं ओतू देते.