पिवळा नंबर चौदा

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता आर्टिस्टकाकांच्या घरात जावयाने शांतता जाहीर केली.

जावई दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांना 'आ करा' म्हणायचं आणि रविवारी स्वतःचं तोंड मिटू द्यायचं नाही, हा त्याचा नेम. कुठल्याशा शिबिरात तो शिकून आला होता, की माणसाने महिन्यातला एक दिवस हाताने काहीतरी निर्माण करावं, फोन टोपलीत टाकावेत आणि लहानपणी बघितलेलं काहीतरी पुन्हा बघावं. त्याने म्हणे मन स्वच्छ होतं. मग काय, सासऱ्याचं घर हक्काचंच होतं. मातीचा गोळा, लोकरीची पिशवी, रंग, कागद असा सगळा पसारा घेऊन लेक-जावई दारात हजर. फोन टोपलीत गेले. जावयाचा फोन दर दहा मिनिटांनी टोपलीतल्या टोपलीत थरथरायचा आणि जावई दर दहा मिनिटांनी "मी बघत नाहीये हं" असं सगळ्यांना सांगायचा. अशी ती शांतता.

लेक विम्याच्या ऑफिसात होती आणि दोन वर्षं क्रोशाने काहीतरी विणत होती. आधी तो मफलर होता, मग टीपॉयवरचा रुमाल झाला, हल्ली विचारलं की ती नुसतं "बघू या" म्हणायची. जावई मातीचे कप करायचा, पण काहीही केलं तरी शेवटी त्याची दाढच व्हायची. काकूंना असल्या नखऱ्यांची सवय नव्हती. "हातानेच करायचंय ना काहीतरी? मग हे करते," म्हणून त्या उशांचे उसवलेले अभ्रे घेऊन बसल्या. सबंध घरात उपयोगाचं काम तेवढं एकच चाललं होतं.

राहिले आर्टिस्टकाका. लेकीने त्यांच्यापुढे पांढराशुभ्र मोठा कागद ठेवला.

"बाबा, आज सुटका नाही. क्लिनिकमध्ये बाहेर बसायची जागा आहे ना, तिथे लावायचाय. कॅप्टन झंझावात! तुमच्या हातचा, चेहऱ्यासकट. याने फ्रेमसुद्धा आणलीय."

"अगं, अंगठा जरा..."

"काल याच अंगठ्याने लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलंत. मी बघितलंय."

काकांनी अंगठा मुठीत लपवला. लपवणारच. कारण आर्टिस्टकाकांना चित्र काढता येत नव्हतं. अजिबात नाही. मांजर काढली तर खाली नाव लिहावं लागायचं.

आता हा घोळ कसा झाला ते ऐका. तरुणपणी काका एका कार्टून कंपनीत होते, हे खरं. कॅप्टन झंझावात त्याच कंपनीचा, हेही खरं. पण कॅप्टनच्या रेघा काढणारी माणसं वरच्या मजल्यावर बसायची. खालच्या हॉलमध्ये तीस टेबलं होती आणि एका टेबलाला एकच रंग. एकाकडे केस, एकाकडे अंगरखा, एकाकडे आभाळ. काकांच्या वाट्याला आले बूट. पिवळा रंग, नंबर चौदा. पारदर्शक शीट उलटी करायची, मागच्या बाजूने रंग भरायचा, म्हणजे पुढची काळी रेघ स्वच्छ राहते. कॅप्टन एक सेकंद उडाला की बारा शीट, म्हणजे चोवीस बूट. अकरा वर्षं काकांनी बूट भरले आणि एक थेंब कधी रेघेबाहेर गेला नाही.

लग्न ठरत होतं तेव्हा होणाऱ्या मेव्हण्याने विचारलं, "कार्टूनमध्ये म्हणजे नेमकं काय करता?" काका म्हणाले, "कॅप्टन झंझावात माझ्या हाताखालून जातो." वाक्य शंभर टक्के खरं. मेव्हण्याने घरी जाऊन 'काढतो' असं सांगितलं, आणि काकूंनी शेजारपाजारी 'त्यांनीच तर शोधला' इथपर्यंत नेलं. काकांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नुसतं मान खाली घालून हसायचं, की लोक स्वतःच पुढचं रचतात. लग्नाला दीड महिना झाला नाही तोच काकू विसरलेला चष्मा द्यायला कंपनीत गेल्या आणि आपला नवरा ओळीने बूट भरत बसलेला त्यांनी पाहिला. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या बहिणीला हे कळता कामा नये." बहिणीला इंजिनियर मिळाला होता. त्यानंतर त्या विषयावर तीस वर्षांत नवरा-बायकोत एक शब्द झाला नव्हता.

काकांनी ती तीस वर्षं मोठ्या हुशारीने काढली. आधी 'चित्राचे हक्क कंपनीकडे असतात' चाललं, मग अंगठा आला, मग डोळे. लेक बिचारी शाळेपासून 'माझे बाबा' म्हणून निबंध लिहीत आली. तिच्यापुढे आज उघडं पडायचं, तेही या दाढवाल्यासमोर!

"आधी एपिसोड बघू," काका म्हणाले. "मूड लागतो."

जावयाने नेटवरून शोधून आणलेले जुने एपिसोड टीव्हीवर लावले. कॅप्टन झंझावात धावत सुटला. मागून एक झाड, एक खिडकी आणि एक कुत्रा गेला. मग तेच झाड, तीच खिडकी, तोच कुत्रा.

"हा कुत्रा पाचव्यांदा गेला," लेक हसत म्हणाली. "आणि एवढं धरण फुटलं, पण याचा भांग बघा! एक केस हलायला तयार नाही."

"आणि तो खलनायक? आपला सगळा बेत आधी कॅप्टनला समजावून सांगतोय. माझे पेशंटसुद्धा एवढं सांगत नाहीत."

काकांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते फक्त बूट बघत होते. कॅप्टन उडाला, बूट आले. कॅप्टन उतरला, बूट आले. कसे भरलेत! कुठे डाग नाही, कुठे कडा सुटलेली नाही. काकांची छाती फुगली. आणि हे सांगायचं कोणाला? चेहऱ्याचं कौतुक तीस वर्षं फुकट मिळालं होतं, पण बुटांबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. कसा काढणार? बूट यांचे आहेत हे कोणाला ठाऊक होतं?

"थांबा थांबा!" जावई ओरडला. त्याने चित्र मागे घेतलं आणि थांबवलं. कॅप्टन हवेत लटकला. उजवा बूट पिवळा होता आणि डावा जरासा नारिंगीकडे झुकलेला.

हा फरक आजवर कोणाला दिसला नव्हता. पण ज्याचा सगळा दिवस दाताचा रंग दाताशी जुळवण्यात जातो, त्याच्या नजरेतून तो कसा सुटेल?

"डावा वेगळा आहे. हे बघा. कुठल्या गाढवाने रंगवलंय हे?"

लेक खो खो हसली. काकूंची सुई थांबली.

काकांना तो दिवस लख्ख आठवला. उजव्या बुटांतच चौदाची बाटली संपली होती, शीट आजच द्यायच्या होत्या, आणि सुपरवायझर म्हणाला होता, "पंधरा मार रे, कोण बघतंय!" सहा शीटवरचे डावे बूट त्यांनी पंधराने भरले होते. अकरा वर्षांत तेवढंच पाप झालं होतं, आणि नेमकं तेच आज भिंतीएवढं होऊन समोर उभं राहिलं होतं.

"बाबा, तुम्हाला किती राग आला असेल ना? तुम्ही जीव ओतून चेहरा काढायचा आणि खाली हा माणूस असली वाट लावणार."

काका म्हणाले, "होता एक."

"कोण होता?"

"होता असाच. ठोंब्या." लेक हसली, तसा काकांना चेव आला. "कामचुकार एक नंबरचा. दिवसभर चहा. मी दोनदा झापलं होतं त्याला."

"एकच रंग भरायचा," जावई मातीचे हात हलवत म्हणाला, "तोही जमू नये माणसाला?"

हे मात्र काकांना लागलं. स्वतःला ठोंब्या म्हणताना काही वाटलं नव्हतं, पण 'एकच रंग' ऐकून कानशिलं तापली. त्यांनी कागद ओढला, पेन्सिल उचलली आणि कोणाकडेही न बघता काढायला सुरुवात केली.

सुरुवात बुटांपासून केली. दुसरं काही हाताला माहीतच नव्हतं. बूट मात्र असे उतरले की वरच्या मजल्यावरच्यांनी बघत राहावं. मग गुडघे. मग पोट, ते पोत्यासारखं झालं. मग छाती, मग गळा, आणि गळ्यावर आल्यावर कागद संपला. डोक्याला जागाच उरली नाही. काकांनी मनातल्या मनात हात जोडले. मग सवयीने कागद उलटा केला, खिडकीच्या काचेवर धरून रेघा कुठून दिसतात ते बघितलं, आणि मागच्या बाजूने बुटांत पिवळा भरला. पारदर्शक शीटवर हे चालतं. जाड कागदावर समोरून काय दिसणार? काही नाही. पण ब्रश चालू लागला तसं काकांना त्याचं भान राहिलं नाही. दोन बूट, एकसारखे, थेंब बाहेर नाही.

"झालं," ते म्हणाले.

सगळे जमले.

"चेहरा..." लेक चाचरली.

"अगं, मुद्दाम नाही काढला!" जावयाचे डोळे चमकले. "बाहेर बसलेल्या मुलांनी स्वतःचा चेहरा तिथे बघायचा. आणि बूटही कोरे सोडलेत. शरीर बघ, कसं थकलेलं आहे. हिरोचं ओझं! बाबा, मानलं तुम्हाला." शिबिरात हेही शिकवत असावेत.

मग त्याने फ्रेम आणली. फ्रेम चार बोटं तोकडी निघाली.

"काही हरकत नाही, खालून कापू. बूट कोण बघतं?" त्याने कात्री उचलली.

"बुटांना हात लावायचा नाही!"

काका एवढ्या जोरात ओरडले की टोपलीतला फोनसुद्धा गप्प झाला. त्यांनी कागद हिसकावून उलटा केला. "हे बघा. हे मी केलंय. अकरा वर्षं मी फक्त बूट भरले. चेहरा मी जन्मात काढलेला नाही. तो ठोंब्या मीच. चौदा संपला म्हणून सहा शीटवर पंधरा मारला. पण बाकीचे बघा, लाखांनी भरलेत, एक तरी चुकलाय का बघा!"

बोलून झालं आणि काकांना एकदम हलकं वाटलं. आता हसा, रागवा, काय वाटेल ते करा.

लेकीचे डोळे भरून आले. "बाबा," ती म्हणाली, "किती मोठं मन आहे तुमचं! आम्ही त्या माणसाला हसलो म्हणून त्याचा दोष स्वतःवर घेताय?"

"अगं, खरंच मी..."

"मोठे कलाकार असेच असतात," जावई मान डोलावत म्हणाला.

काकांनी काकूंकडे पाहिलं. जगात एकच साक्षीदार होता. "अगं, तू सांग ना यांना. तू बघितलंयस. चष्मा द्यायला आली होतीस."

काकूंनी दोरा दाताने तोडला. नवऱ्याकडे बघितलं, उलट्या कागदावरच्या दोन पिवळ्या बुटांकडेही बघितलं, आणि क्षणभर त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्या पटकन बोलल्या नाहीत.

"शनिवारी माझी बहीण क्लिनिकमध्ये कवळी बसवायला येणार आहे," मग त्या म्हणाल्या. "सकाळपासून बसून दमलेत ते, काहीतरी बोलतायत. कापा तुम्ही."

जावयाने कापलं. खालची पट्टी वाया कशाला घालवायची म्हणून टीपॉयवर पसरली आणि आपली ओली दाढ तिच्यावर वाळत ठेवली. चित्र फ्रेमच्या मापाचं झालं.

"बाबा, सही," लेकीने पेन पुढे केलं. "नाहीतर लोकांना कळणार कसं?"

काकू पुढचा अभ्रा शिवायला लागल्या होत्या. काकांनी पेन घेतलं, चष्मा नीट केला आणि सही केली.