अठरावा जीव

माझा दादा, विक्रम, चौदा ऑगस्टला सकाळी सव्वाअकराला वारला. त्याला द्यायची माझी डावी किडनी माझ्यापाशीच राहिली.

हे झालेलंच नाही असं धरून चालू. मला मुळात छत्रीवाल्याबद्दल लिहायचं आहे.

दादा सोळा वर्षांचा आणि मी सहाचा असताना त्याने सीताबर्डीच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा गेम आणला. कॅसेटवर सिंह आणि हेलिकॉप्टरचं चित्र होतं. आत सिंहही नव्हता आणि हेलिकॉप्टरही नव्हतं. आत होता एक बुटका माणूस, लाल छत्री घेऊन गच्च्यांवरून उड्या मारणारा. गेमचं नाव कुठल्या लिपीत होतं ते आजपर्यंत कळलेलं नाही, म्हणून तो आमचा छत्रीवाला.

त्याचा मोठेपणा असा, की पडताना तो घाई करत नाही. इतर गेममधली माणसं दगडासारखी खाली जातात. हा छत्री उघडतो आणि खाली काटे आहेत हे स्वच्छ दिसत असूनही, कचेरी सुटल्यावर घरी निघाल्यासारखा सावकाश उतरतो. काट्यांवर पोचला की चष्मा नीट करतो. मग मरतो.

दुसऱ्या गच्चीवर खिडकीतून कुंड्या फेकणारी एक बाई आहे. शेजारच्या इंदूबाई वरून बादलीभर पाणी खाली न बघता फेकायच्या, म्हणून आम्ही तिला त्यांचंच नाव दिलं. गेममधली इंदूबाई बघून फेकते, एवढाच फरक. दोघींनाही हरवता येत नाही, फक्त चुकवता येतं.

चौथ्या गच्चीवर एक सरडा आहे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातो, परत येतो. आपण मेलो काय, जगलो काय, त्याला देणंघेणं नाही. अठरा वर्षांत त्याची एक फेरी चुकलेली नाही. मला कधी सरकारी नोकरी लागली तर मी तिथे त्याचा फोटो लावीन. आणि शेवटी, पाण्याच्या टाकीवर, बोकड. तो अंगावर येण्याआधी जांभई देतो. त्याच्यापर्यंत आम्ही दोनदाच पोचलो आणि दोन्ही वेळा त्याने जांभई पुरी केली.

दुसऱ्या खेळाडूसाठी वेगळं पात्र काढायचा कंटाळा केला असावा. तोच माणूस, छत्री फक्त निळी. तो मी.

आता नियम. प्रत्येकाला पाच जीव. ज्याचे आधी संपतील त्याने एक बटन दाबलं की दुसऱ्याचा एक जीव त्याच्याकडे जातो. विचारावं लागत नाही. द्यायचं बटन मात्र नाही. फक्त घ्यायचं आहे.

दादा घ्यायचा. मी रडलो की म्हणायचा, "रडतो काहून बे? तुले काय करायचा आहे तो? पहिल्याच खड्ड्यात टाकशील."

ते खरं होतं, तरी मी भिंतीवर पेन्सिलीने रेघा ओढून हिशेब ठेवला. सतरा रेघा झाल्यावर आईने भिंत रंगवून घेतली.

दादा पुढे लकडगंजात एका आरा मशीनवर लाकडाची मापं लिहायला लागला. तेहतिसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. बाबा हयात नाहीत, आईला शुगर. उरलो मी. सगळ्या तपासण्या झाल्या आणि जुळलं. आयुष्यात मी पहिल्यांदा एखाद्या परीक्षेत सगळ्या विषयांत पास झालो होतो.

दादा म्हणाला, "मले नाही पाहिजे."

"काहून?"

"एका किडनीवर काय करशील तू?"

"दोनवर तरी काय करून राहिलो?"

तो हसला. हसताना त्याला धाप लागायची, म्हणून आम्ही घरात विनोद कमी केले होते. चार दिवसांनी डायलिसिसला सुई लावून घेताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "कागद घेऊन ये."

भावाने भावाला किडनी द्यायची तरी दवाखान्यातल्या समितीची परवानगी लागते. समिती पंधरा दिवसांतून एकदा बसते. भाऊ असल्याचा पुरावा म्हणून राशन कार्ड, जन्मदाखले आणि एकत्र फोटो द्यायचे असतात. आमचा लहानपणीचा एकच फोटो सापडला. टीव्हीपुढे बसलेलो, पाठमोरे. त्यात चेहरा फक्त छत्रीवाल्याचा दिसतो.

फॉर्ममध्ये एक रकाना होता: अवयवदानाचे कारण. मी लिहिलं, "रुग्णाने यापूर्वी माझे सतरा जीव न विचारता घेतले आहेत. अठरावा मी स्वतः देत आहे."

मला ते फार आवडलं होतं.

पाच ऑगस्टला समिती बसली. आमची फाईल तिथेच अडली. तिथलं काम बघणाऱ्या मोनाली मॅडमनी मला आत बोलावलं.

"हे काय लिहिलंय सौरव?"

"गेममधलं आहे मॅडम."

"गेममधलं. बरं. समितीला वाटलं, घरून तुमच्यावर जबरदस्ती होतेय. न विचारता घेतले म्हणजे काय? आता तुमची वेगळी मुलाखत होईल. मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी आणा. एकोणीस तारखेला बघू."

"आत्ता खोडून दिलं तर?"

"आता नाही होत." त्यांनी फाईल बंद केली. "'भाऊ आहे' एवढं लिहायचं होतं हो. दोन शब्द."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला ऑटोत बसून त्यांना शिव्या तरी देता आल्या असत्या.

फाईल माझ्या लिहिण्यावरून अडली एवढं मी फोनवर सांगितलं होतं. घरी आई पोळ्या लाटत होती. "काय लिहून आला गा तू तिथं?"

मी सांगितलं. तिने लाटणं थांबवलं नाही. एकच पोळी लाटत राहिली, ती फाटेपर्यंत.

दादा पलंगावरून म्हणाला, "सतरा नाही, एकवीस. तू मुतायला गेला का मी घ्यायचो."

तेरा ऑगस्टला दुपारी त्याने स्वतःहून गेम लावायला सांगितला. त्याची बोटं सुजली होती, बटन उशिरा दाबलं जायचं. इंदूबाईच्या कुंड्यांनी त्याचे तीन जीव घेतले, उरलेले दोन खड्ड्यांत गेले. लाल छत्री संपली. माझ्याकडे दोन जीव होते.

"दाब ना दादा."

"राहू दे."

"दाब न बे!" मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा बे म्हटलं.

"तू खेळ. मी पाहून राहिलो."

शेवटी मीच त्याच्या मांडीवरचा गेमचा रिमोट ओढला आणि घ्यायचं बटन दाबलं. माझ्याकडे एक राहिला, लाल छत्री परत आली. त्याने छत्रीवाला हळूहळू चौथ्या गच्चीपर्यंत नेला आणि कोपऱ्यात उभा केला. सरडा येत होता, जात होता.

"चाल ना पुढे," मी म्हटलं.

"थांब थोडा. इथं बरं आहे."

संध्याकाळी त्याची धाप बसेना. बेसा चौकातून ऑटो आणला. पुढचं झालेलं नाही, हे आपलं सुरुवातीलाच ठरलं आहे.

सोबत अर्जाची प्रत जोडतो.

प्रति,
मा. अध्यक्ष, अवयव प्रत्यारोपण परवानगी समिती.

विषय: किडनीदानाच्या प्रकरणात कारणाचा रकाना दुरुस्त करणेबाबत.

महोदय,

दि. १९ ऑगस्टच्या बैठकीस मी, दाता सौरव आनंदराव रंगारी, मानसोपचारतज्ज्ञांच्या चिठ्ठीसह सकाळी दहा वाजता हजर होतो. रुग्ण विक्रम आनंदराव रंगारी हजर नसल्याने प्रकरण निकाली काढल्याचे मला सांगण्यात आले. दात्याची डावी किडनी चालू स्थितीत असून दाता आजही राजी आहे. कारणाच्या रकान्यातील पूर्वीचा मजकूर रद्द समजून त्या जागी "भाऊ आहे" असे वाचावे, रुग्णाची गैरहजेरी माफ करावी आणि सदर प्रकरण दि. ५ ऑगस्टच्याच बैठकीत मंजूर करण्यात यावे.